कालव्याकडची तुती

जिनदीने शेंग सोलली, दाणे सालींच्या ढिगात टाकले आणि साल टोपलीत. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिच्या नवऱ्याने, गेनफाने, वाकून टोपलीतली साल उचलली.

"लक्ष कुठाय तुझं?"

लक्ष समोरच्या छपरावर होतं. गल्लीपलीकडे फंगबाओच्या चार मजली घराच्या गच्चीवर पाच माणसं दोर ओढत होती आणि दोराच्या टोकाला एक पोलादी मनोरा हेलकावे खात होता. खाली जाड, वर निमुळता, आणि मधे एकावर एक ओवलेले तीन चकचकीत गोळे. ऊन त्या गोळ्यांवर पडून उसळत होतं आणि त्याचा एक कवडसा जिनदीच्या ओल धरलेल्या भिंतीवरून, धुराड्यावरून, वाळत घातलेल्या गेनफाच्या पायजम्यावरून फिरत होता.

"आता वीज पडायची त्याच्यावर," जिनदी म्हणाली.

"वीज पडू नये म्हणूनच बसवतात तो."

"तीन-तीन गोळे लागतात होय विजेला?"

गेनफा हसला. त्याला मनोरा आवडला होता. सकाळपासून काही ना काही निमित्त काढून तो तीनदा गल्लीत जाऊन आला होता, आणि एकदा तर खालून "डावीकडे घ्या, डावीकडे!" असं त्या माणसांना सांगतही होता. जिनदीला मनोऱ्यापेक्षा त्याचाच राग जास्त आला.

"जिनदी! ए जिनदी!" फंगबाओ गच्चीच्या कठड्यावरून ओणवी झाली. "अगं, तुझं अख्खं अंगण दिसतंय इथून! चहात टाकायचे खारे दाणे करतेयस ना? या खेपेला मीठ बेतानं घाल हं. मागच्या वर्षी तुझ्याकडून चहा पिऊन गेले आणि घागरभर पाणी प्यायले मी!"

वरची माणसं हसली. जिनदीही हसली. हसता हसता तिने शेंग इतकी जोरात दाबली की दाणा उडून कोंबडीपुढे जाऊन पडला.

दोघी एकाच गावच्या. एकाच हिवाळ्यात, आठ दिवसांच्या अंतराने, लग्न होऊन शेनबांगला आल्या. तेव्हा कोणाकडेच काही नव्हतं, त्यामुळे कोणाकडे काय आहे हे बघायची सवयही नव्हती. ज्या वर्षी गावाची सामाईक जमीन घरोघर वाटली गेली, त्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या. गेनफाच्या वाट्याला सडकेकडची पट्टी आली. वीटभट्टीच्या पलीकडची, धुळीने माखलेली, पाण्यापासून लांब. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. फंगबाओच्या नवऱ्याला, शुईलिनला, घरामागचं कालव्याकडचं शेत मिळालं. जिनदीला तेव्हा सातवा महिना चालू होता आणि आधीचं एक मूल शेतातल्या ओझ्यापायी गेलेलं होतं. ती चिठ्ठी हातात धरून रडायला लागली. फंगबाओने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि आपली चिठ्ठी तिच्या मुठीत कोंबली.

"घे. मला चालायला आवडतं."

गावच्या शेतीगटाचा मुकादम, म्हातारा छ्येन, तिथेच बाकावर सिगारेट ओढत बसला होता. "तुमचं तुमच्यात ठरलं ना? मग झालं," एवढंच तो म्हणाला. वहीत नावं आधीच चढली होती. ती बदलायला तालुक्याला जावं लागलं असतं, आणि त्यासाठी नांगरणीचा दिवस कोण मोडणार? पुढे वहीवरून कागद झाले, कागदांवर शिक्के बसले, ते कागद दोन्ही घरांत पेटीच्या तळाशी गेले.

मग सडक रुंद झाली. ट्रक थांबायला लागले. फंगबाओने पट्टीच्या कडेला ताडपत्रीखाली शेवयांची चूल मांडली. चुलीपुढे बाकं आली, बाकांभोवती भिंती आल्या, भिंतींवर पत्रे आणि पत्र्यांच्या जागी स्लॅब. गावाने सडकेला लागून गाळ्यांची रांग काढली तेव्हा कोणती पट्टी कोण कसतं हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. कागद कोणी मागितला नाही. फंगबाओला दोन गाळे मिळाले. आता तिथे तिचा मुलगा हॉटेल चालवत होता. गोल टेबलं, दारात माशांच्या काचेच्या टाक्या, आणि बाहेर परगावच्या मोटारी. मागे उरलेल्या तुकड्यात फंगबाओ अजून कोबी लावत असे.

जिनदीने कालव्याकडे तुती लावली. दर हिवाळ्यात कालव्याचा गाळ काढून बुंध्याला घातला, दर वसंतात माळ्यावर रेशीमकिडे वाढवले. झाडं अशी झाली की दुसऱ्या गावची माणसं लावणीच्या काड्या मागायला येत. पण त्याच सुमाराला तालुक्याची रेशीमगिरणी बंद पडली, रेशीमकोषांना कोणी विचारेना, आणि माणसं किडे सोडून कारखान्यांत गेली. जिनदीने किडे सोडले, झाडं ठेवली. पाला ती बकऱ्यांसाठी विकत असे.

फंगबाओने लबाडी केली असती तर किती सोपं झालं असतं, असं जिनदीला कितीदा वाटे. मग भांडता आलं असतं, चार बायकांत सांगता आलं असतं. इथे सांगायचं काय? की मी रडले आणि तिने मला चांगलं शेत दिलं? हे दुखणं कोणापुढे उघडं करायची सोय नव्हती, म्हणून ते आतल्या आत मुरत गेलं. फंगबाओ अधूनमधून हॉटेलातून बदकाचं कालवण पाठवी. ते सुरेख असे. जिनदी ते सगळं गेनफाला वाढी, स्वतः खारवलेल्या मुळ्याशी भात खाई, आणि गेनफा हात धुवायला गेला की भांडं कलतं करून उरलेला रस्सा पिऊन टाकी.

मनोरा बसला त्याच महिन्यात ज्येनलिनच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. जिनदीचा हा एकुलता एक मुलगा कापड रंगवायच्या कारखान्यात होता आणि मुलगी तिथेच माल तपासायला. दोघांचं आपापसात ठरलेलं होतं. मुलीची आई फक्त घर बघायला म्हणून आली. जिनदीने आठवडाभर भिंती घासल्या होत्या, तरी ओल वर आलीच.

"छपरातून गळतं का हो?" त्या बाईने विचारलं.

"नाही, नाही. ती जुनी ओल आहे."

"जुनी," ती बाई म्हणाली आणि खिडकीशी गेली. बराच वेळ तिथे उभी राहिली. "आणि हे घर कुणाचं?"

"शेजाऱ्यांचं."

"मुलगा आहे त्यांना?"

"आहे. लग्न झालंय त्याचं."

"हो का," बाई म्हणाली. त्या दोन अक्षरांतली हळहळ तिने लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

चहा तिने अर्धा प्यायला, दाणे तळाशी तसेच ठेवले. निघताना दारात जिनदीचा हात हातात घेऊन म्हणाली, "मुलगा गुणी आहे, आमचं काहीच म्हणणं नाही. पण शहरात एखादा फ्लॅट असता तर बरं झालं असतं. पोर माझी थंडीत गारठते. तुम्हीही आईच आहात, तुम्हाला काय सांगायचं."

ती गेल्यावर ज्येनलिन उठला. बूट घातले आणि सुट्टीच्या दिवशी कारखान्यात निघून गेला. जिनदीने खिडकीला जुनी चादर लावली. पण पोलादी गोळ्यांचा कवडसा चादरीतूनही आत येत होता, दुपारी दीड वाजता बरोबर पाटावर.

नवीन वर्षाच्या आधी, सगळी गल्ली खारवलेलं मांस दोऱ्यांवर लटकवत असताना, जमीन कचेरीची एक तरुण बाई आली. हातात छापील यादी, पायात चिखलाने भरलेले उंच टाचांचे बूट. सडकेकडच्या गाळ्यांमागून द्रुतगती मार्गाचा फाटा जाणार होता. ज्यांची जमीन त्यात जात होती त्यांना म्हातारपणी दरमहा पेन्शन, आणि जुनं घर सोडलं तर त्याच्या बदल्यात शहरातल्या नव्या इमारतीत फ्लॅट. इमारती बांधून तयार होत्या.

"काका, हा दोनशे चौदा नंबरचा तुकडा तुमच्या नावावर आहे," यादीवर बोट ठेवून ती गेनफाला म्हणाली. "गाळ्यांच्या मागचा. बरोबर ना?"

"तो होय," गेनफा म्हणाला, "तो काय झालं, त्या वर्षी चिठ्ठ्या—"

"बसा ना बाई, चहा घ्या," जिनदी मधे आली. तिने कप त्या बाईपुढे ठेवला आणि गेनफाच्या मांडीवर टोपली ठेवली, जणू त्याला काहीतरी निवडायला दिलं आहे. टोपली रिकामी होती. "कागदावर काय आहे?"

"कागदावर यांचंच नाव आहे, मावशी."

"मग कागदावर आहे ते आहे."

"कुणाची हरकत वगैरे?"

"कागद सरकारचा. त्याला आम्ही काय हरकत घेणार?"

बाईने शाईची डबी उघडली. गेनफाने जिनदीकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी अडवलं नव्हतं आणि आता कसं अडवतात ते त्याला माहीत नव्हतं. त्याने अंगठा टेकवला. शाई लागलेला अंगठा तो मग बराच वेळ टोपलीच्या कडेला पुसत बसला. बाई पुढच्या घरी गेल्यावर त्याने एकच विचारलं.

"ती काय म्हणेल?"

"तिला काय कमी आहे?" जिनदी म्हणाली. "चार मजल्यांवर पाचवा चढवेल."

गावात दोन दिवसांत बातमी पसरली. जिनदीने ज्याची धास्ती घेतली होती तसं काही झालं नाही. विहिरीवरच्या बायका तिच्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलल्या. एकीने तर कानात सांगितलं, "बरं केलंस. किती खायचं एकाच घरानं?" जिनदीला आधार वाटला. म्हणजे इतकी वर्षं हा जाळ एकट्या तिच्याच पोटात नव्हता तर. म्हातारा छ्येन कधीच वारला होता, आणि कोणाला काही आठवत असेल तर कोणी बोलून दाखवलं नाही.

फंगबाओ तिसऱ्या दिवशी आली. जिनदीने तीन दिवस मनातल्या मनात उत्तरं घोटून ठेवली होती: तू चालायला आवडतं म्हणालीस, मी मागितलं नव्हतं, पंचवीस वर्षं त्या सडकेचं खाल्लंस, मला एक खोली मिळतेय तर तुझा मनोरा पडतो का? फंगबाओ किंचाळली की एकेक उत्तर तिच्या तोंडावर फेकायचं. तिला ते हवंच होतं. फंगबाओचा चेहरा रागाने वेडावाकडा झालेला तिला एकदा डोळे भरून बघायचा होता.

फंगबाओ नेहमीसारखी मागच्या दाराने आली, नेहमीच्या स्टुलावर बसली. जिनदीने चहा दिला. फंगबाओने कप दोन्ही हातांत धरून ऊब घेतली.

"जिनदी, तुला खरंच आठवत नाही का गं?"

"काय?"

फंगबाओ तिच्याकडे बघत राहिली.

"कागदावर गेनफाचं नाव आहे," जिनदी म्हणाली. "मी काय करू?"

"हं."

"ज्येनलिनचं लग्न अडलंय."

"माहितीय मला. मुलीची आई आमच्या हॉटेलात जेवायला आली होती. विचारत होती तुमच्याबद्दल." फंगबाओने चहाचा घोट घेतला. "मी सांगितलं, असं घर शोधून मिळणार नाही."

जिनदीने उठून उगाच चुलीत लाकूड सारलं.

फंगबाओने चहा संपवला. कप उलटा करून तळहातावर आपटला, चिकटलेले दाणे सुटे केले आणि एकेक करून सगळे खाल्ले. मग कप खाली ठेवला.

"मग कागदाप्रमाणे कालव्याकडचं शेत शुईलिनचं."

"हो," जिनदी म्हणाली. "घे की."

"तुतीसकट?"

"तुती घेऊन मी सातव्या मजल्यावर काय करू? घे सगळी."

"बरं," फंगबाओ म्हणाली. दारापर्यंत गेली, तिथे थांबली. तिने उंबऱ्यावर सांडलेलं मांसाचं खारं पाणी पायाने बाजूला केलं, पुढचा कोणी घसरू नये म्हणून, आणि ती गेली.

उन्हाळ्यात किल्ल्या मिळाल्या. शरद ऋतूत लग्न झालं. फंगबाओकडून तिचा मुलगा आला, आहेराच्या पैशांचं लाल पाकीट आणि रेशमी पांघरूण देऊन, दोन घास खाऊन गेला. आईचे गुडघे दुखतात म्हणाला. जिनदीने सगळ्या जेवणावळीत दरवाजाकडे तोंड करूनच बसायची जागा धरली होती.

फ्लॅटमध्ये ओल नव्हती. नळाला गरम पाणी येई. सूनबाई चांगली होती, तिची आई आली की आता चहा तळापर्यंत पिई. जिनदीने खिडकीला पडदे घेतले, पिवळ्या फुलांचे, शुद्ध खोटे पण बघणाऱ्याला रेशमी वाटावेत असे. पाहुण्यांसाठी सहा कपांचा संच घेतला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. कोणीही आलं तरी ती रोजचेच कप काढी.

"नवे काढा ना, आई," सून म्हणे.

"राहू देत. लागतील."

कोणासाठी ते ती सांगत नसे. पण दुपारी एकटी असली की ती घर फंगबाओच्या नजरेने बघे. दारातून आत येताना आधी काय दिसेल? पडदे की सोफा? ती बाथरूमचा नळ उघडून बघेल का? बघायलाच हवा, नाही बघितला तर आपणच हात धुवायला पाठवू. लिफ्टमधून वर येताना तिच्या पोटात कसंतरी होईल. तेव्हा काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं: "होतं गं सुरुवातीला, मग सवय होते." अशी एक-एक भेट जिनदी पूर्ण करी, निरोप देऊन दार लावी, आणि मग भात टाकायला उठे.

फंगबाओ आली नाही. हिवाळा गेला.

गेनफाला फ्लॅटमध्ये करायला काही नव्हतं. तो सायकल घेऊन निघून जाई आणि संध्याकाळी बुटांना ओला गाळ लावून येई. कुठे जातो ते जिनदी विचारत नसे. वसंतात एक दिवस मात्र तोच जेवता जेवता म्हणाला, "फंगबाओनं किडे आणलेत."

"कसले किडे?"

"रेशमाचे. तुतीचा पाला वाया जातो म्हणाली. खालची सगळी बैठक रिकामी केलीय. सोफे, टीव्ही, सगळं वर. नुसते किड्यांचे मांडव आहेत बांबूचे, थरावर थर." त्याच्या आवाजात मनोऱ्याच्या वेळचा तोच आनंद होता. "विहिरीकडच्या चौघीजणी मदतीला असतात. रोज चहा होतो."

"कोषांना भाव कुठाय?"

"नाहीये. ते तिला माहितीय."

"मग कशाला करते?"

गेनफाने खांदे उडवले. "हसतात खूप तिथे," तो म्हणाला आणि माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. तो तिथे रोज मदतीला जात होता हे जिनदीला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बस पकडून शेनबांगला गेली. सुनेला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. नवे बूट घातले, नवा जांभळा कोट घातला, आणि बसमधून उतरल्यावर सडकेवर संत्र्यांची एक पिशवी घेतली. आपणहून बोलवायचं, असं तिने ठरवलं होतं. चल एकदा, घर बघून जा. त्यात काय कमीपणा? मोठ्या मनाने बोलवायचं.

तिच्या घराची जागा सपाट झाली होती. तिथे कोणाचे तरी कांदे उगवले होते. ती तिथे फार थांबली नाही. पाय तिला मागच्या बाजूला, कालव्याकडे घेऊन गेले.

तुती तिने इतकी भरलेली कधी बघितली नव्हती. बुंध्याला गाळाचे जाड, काळे थर होते, नीट गोल दाबलेले. मधल्या रांगेतली सात झाडं तिने कधीच मेली म्हणून सोडून दिली होती. ती छाटून नव्याने फुटलेली होती. पानं तळहाताएवढी, वरून तेल चोपडल्यासारखी. जिनदीने एक पान धरलं. ही रोपं तिने स्वतःच्या हाताने लावली होती, पोटात ज्येनलिन असताना. हे शेत सुटलं तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. आता ते पान हातातून सोडवेना. सडकेकडच्या पट्टीपायी पंचवीस वर्षं जो जाळ पेटत होता तोच हा, तसाच. म्हणजे फंगबाओने हात लावला की चिखलाचंसुद्धा सोनं होतं, आणि आपण मात्र—

तिने पान सोडलं. कोट झटकला आणि गल्लीत आली.

फंगबाओच्या पुढच्या दारावर, घरात किडे असल्याची खूण म्हणून, लाल कागद डकवलेला होता आणि दार ओढून घेतलेलं होतं. पायरीवर पाच जोड पायताणं होती. पाचवा जोड गेनफाच्या बुटांचा होता. आतून पावसासारखा आवाज येत होता: हजारो किडे पाला खात होते. कितीतरी वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता. त्या आवाजावर बायकांचं बोलणं होतं, आणि मधेच कोणीतरी खो-खो हसलं.

तिने कडी वाजवली. आतलं हसणं थांबलं.

दार वीतभर उघडलं. फंगबाओ जुन्या निळ्या कपड्यांत होती, बाह्या दुमडलेल्या, केसांत तुतीचा एक तुकडा अडकलेला. तिने जिनदीला बघितलं. चेहऱ्यावर राग आला नाही. दुसरंही काही आलं नाही.

"अरे, या," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी."

जिनदीला वाटलं आपल्या मागे कोणीतरी उभं आहे. तिने वळून बघितलं सुद्धा.

"घर बघायला चल म्हणून बोलवायला आले होते," जिनदी म्हणाली. "आमचं. नवं."

"येईन की. ही गडबड संपली की बघू." फंगबाओने दार आणखी उघडलं नाही. "आत बोलवलं असतं, पण कात टाकायची थोरली झोप झालीय किड्यांची कालच. अशा दिवसांत बाहेरच्या माणसाला घरात घेत नाहीत. तुम्हाला ठाऊकच आहे."

"हो, हो," जिनदी म्हणाली. "ठाऊक आहे."

"संत्री कशाला आणलीत? उगाच खर्च." तिने पिशवी दोन्ही हातांनी घेतली, पाहुण्याकडून घेतात तशी, थोडं वाकून. "सांभाळून जा हं. पायरी ओली आहे."

दार लागलं.

जिनदी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून मागच्या बाजूने वळून फंगबाओच्या बैठकीच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली. खिडकीला आतून जाळी लावली होती. नव्या बुटांत चिखल शिरत होता. आता बोलतील, तिला वाटलं. तिच्या कोटाबद्दल, बुटांबद्दल, कोणत्या तोंडाने आली म्हणून. फंगबाओ बोलेल. आत्ता नाही बोललं तर माणूस कधी बोलणार? ती ऐकत राहिली.

आत कोणीतरी संत्रं सोलत होतं. वास बाहेरपर्यंत आला.

"कोपऱ्यातल्या मांडवातले खात नाहीत गं नीट," एक बाई म्हणाली.

"पाला ओला असेल," दुसरी म्हणाली. "कालव्याच्या कडेचा आहे."

"काल तर पुसून घातला."

"मग गार असेल. गेनफा, ते दार नीट ओढ बघू, वारा येतोय."

अनवाणी पावलांचा आवाज आला. दार ओढलं गेलं. मग पुन्हा पावसासारखा आवाज, आणि त्यावर फंगबाओचा, रोजचा, मोकळा: "अगं, कोपऱ्यातले नेहमीच मागे असतात. त्यांना जरा वेळ द्या."

जिनदीचं नाव कोणी काढलं नाही. सव्वापाचची बस सडकेवर येऊन थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. कोपऱ्यातले का खात नाहीत ते जिनदीला माहीत होतं. कडेच्या पाल्याला कालव्याचं धुकं धरतं. तो सकाळी तोडायचाच नसतो, ऊन चढल्यावर तोडायचा. हे तिला पंचवीस वर्षांपासून माहीत होतं. ती जाळीला तोंड लावून उभी होती, आणि सांगावं की सांगू नये हे तिचं अजून ठरत नव्हतं.